मुसळाची सावली आणि उत्तरतालिका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या भागात झालेल्या विज्ञान सामान्यज्ञान परीक्षेच्या निकालाची बातमी आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर गेल्या आठवड्यात वाचली. ग्रामीण भागातील मुलांना विज्ञानाच्या साध्या साध्या गोष्टीही ठाऊक नाहीत, असा तिचा सूर होता आणि मथळा त्याहून कडक होता. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने घेतलेल्या या परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासायला काही निवृत्त शिक्षकांना बोलावले होते आणि त्यांत मीही होतो. मुले चुकली हे खरे आहे. परंतु प्रश्नपत्रिकाही चुकली होती, आणि ती कुठे चुकली हे बातमीत आले नाही, म्हणून हे पत्र.

चूक-बरोबरच्या प्रश्नांत एक विधान होते : ‘सूर्य दररोज दुपारी बारा वाजता बरोबर डोक्यावर असतो.’ आमच्या हाती दिलेल्या उत्तरतालिकेत त्यापुढे ‘बरोबर’ असे छापलेले होते. माझ्या गठ्ठ्यातल्या सातवीच्या एका मुलीने मात्र ‘चूक’ असे लिहिले होते आणि कोणी विचारले नसताना समासात बारीक अक्षरात कारणही दिले होते : ‘आमच्या अंगणात मे महिन्यात एकच दिवस आला, तोही सव्वाबाराला.’ तालिकेप्रमाणे मी तिला शून्य देणे अपेक्षित होते.

ती मुलगी माझ्याच शेजारच्या गावची निघाली. पुढे एकदा बाजाराच्या दिवशी वडिलांसोबत भेटली, तेव्हा मी तिला विचारले, तर म्हणाली, ‘मी पायलं ना जी सर, मुसयाची सावली मुसयाच्या बुडातच गेली.’ झाले होते असे की, उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्या शिक्षकांनी पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर शून्य सावलीची, म्हणजे सूर्य बरोबर माथ्यावर येऊन सावली नाहीशी होण्याची, तारीख टाकली होती आणि घरातली एखादी सरळसोट वस्तू अंगणात उभी करून बघा, असे सांगितले होते. हिने आजीचे मुसळ उचलले. सारवलेल्या अंगणातली सपाट जागा बघून ते उभे केले आणि डोक्यावर ओढणी घेऊन घड्याळासह शेजारी बसली. बारा वाजले तेव्हा मुसळाच्या पश्चिमेला तीन-चार बोटे सावली शिल्लक होती. ती हळूहळू आत सरकत गेली, सव्वाबाराच्या सुमारास नाहीशी झाली आणि थोड्या वेळाने पूर्वेच्या अंगाला पुन्हा डोकावू लागली. तिने कोळशाने केलेल्या खुणा पहिला पाऊस येईपर्यंत अंगणात होत्या, असे तिच्या वडिलांनी सांगितले.

या मुसळाचे आणखी एक आहे. ग्रहण लागले की परातीत पाणी घालून त्यात मुसळ उभे करायचे, ते उभे राहिले म्हणजे ग्रहण लागले आणि आडवे झाले म्हणजे सुटले, असे मानण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. २१ जून २०२० च्या सूर्यग्रहणातही आमच्या गावात परातींत मुसळे उभी राहिली होती. बूड सपाट असलेले मुसळ ग्रहण नसतानाही उभे राहते, हे नातीच्या त्या मे महिन्यातल्या दुपारी आजीच्या डोळ्यांदेखत आपोआपच सिद्ध झाले, आणि आजीने त्यावर ‘असंन’ एवढेच म्हटले म्हणे.

आता विधान कसे चूक आहे ते सांगतो. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर आहे आणि आपला सगळा विदर्भ त्याच्या दक्षिणेला येतो. सूर्य २१ जूनला कर्कवृत्तापर्यंत जाऊन परत फिरतो, त्यामुळे आपल्या प्रत्येक गावाच्या माथ्यावरून तो वर्षातून दोनदाच जातो, एकदा जाताना आणि एकदा येताना. आमचे गाव साधारण २०.३ अक्षांशावर आहे, म्हणून आमच्याकडे हे दिवस २१-२२ मे आणि २१ जुलैच्या आसपास येतात. नागपुरात पहिला दिवस २६ मेच्या सुमारास येतो. जुलैतला दिवस बहुधा ढगांत जातो. या दोन तारखांच्या मधल्या काळात भरदुपारची सावली, जी एरवी उत्तरेला पडते, ती दक्षिणेला पडते, हेही ज्याला बघायचे असेल त्याला ऊन असेल त्या दिवशी दिसते. डिसेंबरच्या अखेरीस दुपारची सावलीसुद्धा जवळजवळ वस्तूच्या उंचीइतकी लांब असते. दिल्लीच्या तर बरोबर डोक्यावर सूर्य कधीच येत नाही. राहिली वेळ. आपली घड्याळे साडेब्याऐंशी रेखांशाच्या प्रमाणवेळेवर चालतात आणि आपण त्याच्या चार-साडेचार अंश पश्चिमेला आहोत. एका अंशाला चार मिनिटे धरली आणि मे महिन्यात सूर्य घड्याळापेक्षा तीन-एक मिनिटे पुढे असतो ती वजा केली, तर सव्वाबाराच येतात. म्हणजे एका ओळीच्या विधानात दोन चुका होत्या आणि मुलीने दोन्ही पकडल्या होत्या.

मी आयोजकांकडे तोंडी हरकत घेतली. उत्तरतालिका अंतिम आहे, सगळ्यांना एकच नियम, असे उत्तर मिळाले. गठ्ठे संध्याकाळपर्यंत परत करायचे होते. मी वाद वाढवला नाही आणि त्या उत्तरापुढे शून्य लिहून सही केली. छत्तीस वर्षे विज्ञान शिकवलेल्या माणसाने असे करायला नको होते, आणि या पत्रामागे ती टोचणीही आहे, हे लपवत नाही.

प्रश्नपत्रिकेतले इतर प्रश्नही बघण्यासारखे होते. रात्रंदिवस प्राणवायू देणारा वृक्ष कोणता, तर पिंपळ. हे गाइडांतून आणि भिंतीवरच्या सुविचारांतून इतके पसरले आहे की, कोणी शंकाच घेत नाही. हिरवे पान प्राणवायू सोडते ते प्रकाशसंश्लेषणात, आणि त्याला उजेड लागतो. काही वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतात, हे खरे. पण त्यांचाही प्राणवायू बाहेर पडतो तो दिवसाच. रात्री पिंपळ तुमच्या-आमच्यासारखाच श्वसन करतो आणि प्राणवायू घेतो. पिंपळाबद्दल आदर असायला दुसरी पुष्कळ कारणे आहेत. सर्वाधिक उपग्रहांचा ग्रह कोणता, याचे तालिकेतले उत्तर ‘गुरू’ होते. ते कधीकाळी बरोबर असेलही. मार्च २०२५ मध्ये शनीच्या ज्ञात उपग्रहांची संख्या २७४ झाली. सी. व्ही. रामन यांच्या शोधाची तारीख २८ फेब्रुवारी १९२८ होती, हे जवळजवळ सगळ्यांना आले. तो शोध कशाचा, हे प्रश्नपत्रिकेने विचारलेच नाही.

लोणारच्या प्रश्नाचे मला विशेष वाईट वाटले, कारण ते आपल्या विदर्भातले आहे. सरोवराचे वय किती, याला तालिकेत ‘५२ हजार वर्षे’ हे एकच उत्तर ग्राह्य होते. हा आकडा एका जुन्या पद्धतीने काढलेला आहे. नंतर आर्गॉनच्या समस्थानिकांवरून केलेल्या मोजणीत हे वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले, म्हणजे दहापटीहून जास्त. उल्कापाताने बसाल्ट खडकात झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर मुले सहलीत बघून येतात. जून २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हा, क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला, हे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले, आणि ते आपल्याकडच्या पोराटोरांनीही मोबाइलवर वाचले. खडकाचे वय कसे काढतात आणि दोन पद्धतींची उत्तरे वेगळी का आली, हा सातवी-आठवीच्या मुलांना डोके खाजवायला लावणारा किती चांगला प्रश्न झाला असता! त्याऐवजी आपण एक आकडा पाठ करायला दिला, तोही शिळा.

पाणी शंभर अंशांना उकळते, हा तर आपला सगळ्यांचा आवडता प्रश्न. समुद्रसपाटीला ते खरेच आहे. मी एकदा मुलांची सहल चिखलदऱ्याला नेली होती आणि प्रयोगशाळेतला तापमापक रुमालात गुंडाळून सोबत घेतला होता. एका चहाच्या टपरीवर साध्या पाण्याला उकळी फुटली असताना तो बुडवला, तर पारा शहाण्णवच्या आसपासच अडून बसला. टपरीवाल्याला वाटले, आम्ही अन्नभेसळवाले आहोत. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर आहे आणि तिथे हवेचा दाब कमी असल्याने पाणी आधीच उकळते. या सहलीतला कोणी ती परीक्षा देता आणि ‘ठिकाण कोणते, त्यावर अवलंबून’ असे लिहिता, तर त्यालाही मला शून्यच द्यावे लागले असते.

यावर कोणी म्हणेल की, मग तथ्ये विचारूच नका, फक्त आकलन तपासा. माझे म्हणणे तसे नाही. काही गोष्टी माणसाला ठाऊक असल्याच पाहिजेत आणि त्या ठाऊक आहेत की नाहीत, हे विचारलेच पाहिजे. अमेरिकेची नॅशनल सायन्स फाउंडेशन ही संस्था अनेक वर्षे प्रौढांना असेच साधे प्रश्न विचारत आली आहे : पृथ्वी सूर्याभोवती फिरते की सूर्य पृथ्वीभोवती, पृथ्वीचा गाभा उष्ण आहे का, प्रतिजैविकांनी विषाणूही मरतात का. २०१२ च्या पाहणीत सुमारे २,२०० जणांना विचारले, तेव्हा चारांपैकी एकाला सूर्याचा प्रश्न चुकला. त्यावर जगभर हसू झाले. पण दोनच पर्याय असलेल्या प्रश्नात काहीच ठाऊक नसलेला माणूसही नाणे उडवून निम्म्या वेळा बरोबर येतो, हे हसणाऱ्यांनी लक्षात घेतले नाही; म्हणजे खरोखर ठाऊक नसणारे त्याहून जास्तच असणार. हाच हिशेब आपल्या चूक-बरोबरच्या प्रश्नांनाही लागू आहे, तेव्हा आपल्या बातमीतल्या गुणांकडे बघताना तोही धरावा.

त्या पाहणीत आणखी एक प्रश्न असतो, तो मला फार मोलाचा वाटतो. डॉक्टरांनी एका जोडप्याला सांगितले की, तुमच्या मुलाला अमुक आनुवंशिक आजार होण्याची शक्यता चारांत एक आहे. याचा अर्थ, पहिल्या मुलाला आजार झाला तर पुढची तिन्ही मुले निरोगी होतील, असा होतो का? अमेरिकेत हा कागदावरचा प्रश्न असेल, आपल्याकडे तो घराघरांतला आहे. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाटापासून आमच्या भागापर्यंत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. आई आणि वडील दोघेही एएस म्हणजे वाहक असले, तर प्रत्येक गर्भारपणात बाळ एसएस म्हणजे रुग्ण असण्याची शक्यता चारांत एक असते, वाहक असण्याची दोनांत एक आणि पूर्ण निरोगी असण्याची चारांत एक. ही शक्यता दर वेळी नव्याने मोजायची असते. माझ्या ओळखीच्या एका घरात पहिला मुलगा एसएस निघाला, तेव्हा ‘आपल्या वाटचं झालं, आता बाकीचे सुटले’ अशी सगळ्यांची समजूत झाली. दुसरी मुलगीही एसएस निघाली. डब्यात चार चिठ्ठ्या टाकून एक काढायची, बघायची आणि परत डब्यात टाकायची, म्हणजे पुढच्या वेळीही चारच असतात, हे त्या बापाला मी जोंधळ्याच्या चार दाण्यांनी समजावले, तेव्हा फार उशीर झाला होता. जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, तपासण्या होत आहेत, हातात कार्डे येत आहेत. त्या कार्डावरच्या दोन अक्षरांचा अर्थ लग्नाआधी कळला, तरच त्याचा उपयोग आहे, आणि आठवीच्या परीक्षेत हा प्रश्न सहज बसतो.

दुसरा असाच प्रश्न प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात डब्यावर छापलेला पडून असतो. कीटकनाशकाच्या डब्यावर कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. निवृत्तीनंतर मी हा प्रश्न आमच्या पारावर बसणाऱ्या मंडळींना विचारून पाहिला. लाल सगळ्यांना आला. पिवळ्यावर अडखळले, बरेच जण निळ्याला पिवळ्यापेक्षा जहाल समजत होते, कारण सिग्नलचा पिवळा म्हणजे ‘जरा सांभाळून’ एवढेच डोक्यात असते. हिरव्याला तर सगळ्यांनी ‘बिनविषारी’ ठरवून टाकले. हिरवा म्हणजे कमी विषारी. बिनविषारी असा त्रिकोणच नसतो. विष पोटात गेले तरच बाधते, असे म्हणणारेही त्यांत होते. २०१७ च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक जण दगावले, त्यांतल्या कोणी औषध प्यायले नव्हते. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या वर गेली होती, नोझलचा फवारा तोंडावर, छातीवर येत होता आणि विष कातडीतून व श्वासातून आत गेले. त्रिकोणांचा क्रम आणि कातडीतून होणारी बाधा, हे दोन प्रश्न वीस गुणांच्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेत शनीच्या उपग्रहांच्या आधी यायला हवेत.

कपाशीचेच घ्या. युरोपातल्या पाहण्यांत एक विधान असते की, साध्या टोमॅटोत जनुके नसतात, फक्त जनुकीय बदल केलेल्या टोमॅटोत असतात. चूक की बरोबर? आपल्याकडे टोमॅटोच्या जागी पऱ्हाटी लिहावी. बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि तेव्हापासून आमच्या शिवारात दुसरे क्वचितच दिसते, तरीही ‘गावरान पऱ्हाटीत जनुके असतात का’ या प्रश्नाला भलेभले ‘नाही’ म्हणतात. प्रत्येक सजीवात जनुके असतात. बीटी वाणात जमिनीतल्या एका जिवाणूचे जनुक घातलेले असते आणि त्याने तयार होणारे प्रथिन बोंडअळीच्या पोटात गेल्यावर तिला मारते. मावा आणि तुडतुडे यांच्यावर त्याचा परिणाम होत नाही. हे ज्याला कळले, त्याला बीटी लावूनही फवारणी का करावी लागते आणि गुलाबी बोंडअळी त्या प्रथिनाला का पचवू लागली, हे पुढचे प्रश्न आपोआप पडतात.

पाणी उकळल्याने त्यातले फ्लोराइड जाते का, हा आणखी एक. पांढरकवड्याकडच्या काही गावांत मुलांच्या दातांवरचे डाग बघितले की, तो का विचारायचा ते कळते. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. सर्पदंशानंतर दोरी आवळून बांधायची की नाही, हाही घ्यावा. बांधायची नाही, हातपाय हलू न देता थेट दवाखान्यात न्यायचे.

आयोजकांकडे माझ्या तीन मागण्या आहेत. उत्तरतालिका परीक्षेनंतर लगेच जाहीर करावी आणि प्रत्येक उत्तरापुढे एका ओळीत कारण द्यावे. कारण लिहायला बसले की पिंपळासारखी उत्तरे तिथेच गळून पडतात. हरकत घ्यायला आठ दिवस द्यावेत, आणि ती विद्यार्थ्यालाही घेता यावी. तिसरे म्हणजे, निदान निम्मे प्रश्न जिल्ह्यातल्याच शिक्षकांकडून काढून घ्यावेत. त्या मुलीच्या गुरुजींना कोणी विचारले असते, तर सूर्याचा तो प्रश्न छापलाच गेला नसता. त्या मुलीचा एक गुण वाढल्याने तिला बक्षीस मिळणार नाही, हे मी मोजून पाहिले आहे. तरीही तो वाढवून द्यावा, आणि चूक मूल्यमापनाची होती, असे तिच्या शाळेला लेखी कळवावे. माझी सही असलेली उत्तरपत्रिका दुरुस्त करायला मी स्वतः यायला तयार आहे.

आपल्या दैनिकाला एक विनंती. येत्या मे महिन्यात जिल्हा पानावर प्रत्येक तालुक्याच्या शून्य सावलीची तारीख आणि वेळ छापावी. ती अक्षांश-रेखांशांवरून काढता येते आणि मोजणीत मदत लागल्यास मी करीन. आमच्या गावाची नोंद आताच घ्यावी : २१ किंवा २२ मे, दुपारी सव्वाबारा.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
जि. यवतमाळ